दोष मुलांचा की शाळेचा?

संघ हरला की हंगाम संपल्यावर कुणाला तरी काढून टाकायचं, ही रीत मला मुळीच पटत नाही.

अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या बफेलो सेबर्सचंच बघा. २०१७-१८ मध्ये ३१ संघांत शेवटचा नंबर! सतत हरून खेळातली गोडी कमी झाली, असं रायन ओरायली प्रामाणिकपणे बोलून गेला. १ जुलै २०१८ ला त्याची सेंट लुईसला रवानगी झाली. पुढच्याच वर्षी सेंट लुईसने स्टॅनले कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच! २०२१ मध्ये राइनहार्ट फ्लोरिडाला गेला. मानेच्या शस्त्रक्रियेवरून वाद होऊन आयकेल व्हेगसला गेला. २०२३ मध्ये व्हेगस जिंकलं, २०२४ मध्ये फ्लोरिडा.

ओरायलीच्या बदल्यात आलेल्या टेज थॉम्पसनने २०२२-२३ मध्ये ४७ गोल केले, हे मान्य. पण संघाचं काय? २०११-१२ ते २०२४-२५ सलग १४ हंगाम प्लेऑफच्या बाहेरच.

माझ्या वर्गातून गेलेली तीन मुलं दुसऱ्या शाळांत पहिली आली असती, तर मी आधी माझं शिकवणं तपासलं असतं. हजेरीपटावरची आणखी नावं खोडत बसलो नसतो.

असो. तुम्हाला काय वाटतं?