परदेशचा परवाना आणि घरची हयगय

जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि प्रारंभी दहा हजार तरुण पाठविण्याचा संकल्प सोडला. ज्या व्यवसायांसाठी ही माणसे हवी आहेत, त्यांच्या यादीत परिचारिका व वीजतंत्री यांच्याबरोबर मालमोटारीचे चालकही आहेत. वाळूज, शेंद्रा व चिकलठाणा येथील कारखान्यांचा माल रात्रंदिवस रस्त्याने वाहून नेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात ही वार्ता उत्सुकतेने ऐकली जावी, हे स्वाभाविकच आहे. गंगापूर-वैजापूरकडच्या शेतकऱ्याचा जो मुलगा क्लीनर म्हणून उमेदवारी करून पुढे ड्रायव्हर झाला, त्याला परदेशचा पगार खुणावू लागला तर नवल नाही. त्याच्या आकांक्षेला आमचा विरोध तर नाहीच, उलट पाठिंबा आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी त्याला खरी हकीकत कोणी सांगितली आहे काय, हा आमचा पहिला प्रश्न आहे. आणि तेथील नियम वाचून आपल्या राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी काही बोध घेतला आहे काय, हा दुसरा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेला परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून केवळ सहा महिने चालतो. काही देशांचे परवाने तेथे परीक्षेविना बदलून मिळतात. त्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे येथे दहा वर्षे घाट ओलांडलेल्या चालकालाही तेथे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. साडेतीन टनांवरील वाहनासाठी परवान्याचा वर्ग निराळा, त्याला मोठा ट्रेलर जोडला की आणखी निराळा. लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा परकीय भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी, तुर्की, अरबी आहेत, पण हिंदी नाही आणि मराठीही नाही. एवढे करून परवाना मिळाला, तरी पोटासाठी मालमोटार चालविण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी युरोपीय संघाच्या नियमानुसार व्यावसायिक पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते. तिचा लघुमार्गही १४० तासांच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी कोणालाही चुकत नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना नावाचे जे पुस्तक येथे हजार रुपये शुल्क भरून मिळते, ते या सर्वांवरचा उतारा आहे असा समज अनेकांचा असतो, व तो तसाच राहावा यात काही दलालांचे हित असते. वास्तविक ते पुस्तक म्हणजे आपल्याच परवान्याचे मान्यताप्राप्त भाषांतर होय. त्याने सहा महिन्यांचे सात होत नाहीत आणि व्यावसायिक पात्रता तर मुळीच मिळत नाही. १९८३ च्या परदेशगमन कायद्यान्वये नोंदणी झालेल्या एजंटाने उमेदवाराकडून किती सेवाशुल्क घ्यावे, याला कमाल ३० हजार रुपयांची मर्यादा आहे. ती ठाऊक नसल्यामुळे एकर-दीड एकर जमीन गहाण पडत असेल, तर तो दोष केवळ त्या अडाणी बापाचा म्हणता येणार नाही. ज्या शासनाने करार केला, त्यानेच या अटी स्वच्छ मराठीत प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आणि परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर लावावयास हव्या होत्या.

येथे कोणी म्हणेल की, हे नियम म्हणजे परक्यांना बाहेर ठेवण्याची युक्ती आहे. आम्हांस तसे वाटत नाही, कारण तेथील देशी चालकही या बंधनांतून सुटलेला नाही. सलग साडेचार तास गाडी चालविली की पाऊण तास थांबलेच पाहिजे. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. दोन आठवडे मिळून नव्वद तासांहून अधिक नाही. आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेण्यास मनाई आहे. हे सारे टॅकोग्राफ नावाचे यंत्र मिनिटामिनिटाने नोंदवून ठेवते. तेथे मालकाची घाई किंवा चालकाची फुशारकी चालत नाही, कारण यंत्राला दोहोंचीही भीड नसते.

नियम ढिले असले म्हणजे काय होते, याचा दाखला कॅनडाने दिला आहे. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतात एका मालमोटारीने थांबण्याची खूण ओलांडली आणि हॉकी खेळणाऱ्या तरुणांच्या बसशी टक्कर होऊन १६ जीव गेले. चालक भारतातून गेलेला, काही आठवड्यांपूर्वीच नोकरीस लागलेला तरुण होता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रांताने १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले, ते मार्च २०१९ मध्ये. ते आधी असते तर कदाचित सोळा घरे वाचली असती, आणि सतरावे घर आपल्या देशातले होते.

आता दृष्टी घराकडे वळवू. चालकाने दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तासच काम करावे, हा दंडक आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातला होता. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, पण आठ तासांचे तत्त्व कायम आहे. प्रश्न तत्त्वाचा नाहीच. या सहा दशकांत जालना रस्त्यावरून किंवा बीड बायपासवरून गेलेल्या मालमोटारींच्या चालकांचे तास कोणी मोजले? चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. त्यास आमची हरकत नाही; कष्टाळू माणसाची भाकरी शाळेच्या दाखल्यावर अडू नये. परंतु पुस्तकी अट काढली, तेव्हा तिची जागा कसून दिलेल्या प्रशिक्षणाने घ्यावयास हवी होती. मान्यताप्राप्त केंद्रांतील जड वाहनाच्या अभ्यासक्रमाला २०२१ च्या नियमांनी ३८ तास नेमून दिले. हे ३८ आणि तिकडचे १४०, यांतील अंतर वाचकांनीच मोजावे.

आपल्याकडे शिक्षणापेक्षा शिक्षेची घाई अधिक. अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम नव्या न्यायसंहितेत आले, जानेवारी २०२४ च्या प्रारंभी चालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि ते कलम स्थगित ठेवावे लागले. नव्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन २०२५ मध्ये सक्तीचे झाले. हे पाऊल चांगलेच आहे, पण थंड हवेने झोप लागते, राहिलेली झोप भरून निघत नाही. आणि तपासणीची तऱ्हा कशी? १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर आमच्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर यात्रेकरूंची छोटी बस मालमोटारीवर मागून आदळली व १२ जण दगावले. ती मालमोटार तेथे थांबविल्याच्या प्रकरणी परिवहन खात्याच्याच दोघांना अटक झाली होती. जेथे यंत्राने तास मोजावयाचे, तेथे आपण अंधारात हात दाखवून गाडी थांबवतो!

आमची मागणी म्हणून दुहेरी आहे. जर्मनीस जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला मराठवाड्याच्या या औद्योगिक राजधानीतच भाषा आणि १४० तासांच्या तोलाचे प्रशिक्षण मिळावे, व ते कर्जाविना मिळावे. त्याचबरोबर जो येथेच राहणार आहे, त्यालाही तेच प्रशिक्षण, तीच विश्रांती आणि तासांची तीच नोंद मिळाली पाहिजे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखानदारांनी दाराशी रात्र काढणाऱ्या चालकासाठी निजण्याची व अंघोळीची सोय करावी, आणि झोप मोडल्याखेरीज गाठता येणार नाही अशी वेळ माल पोचविण्यास देऊ नये. सकाळी दारात दूध आणि बाजारात भाजी वेळेवर हवी असलेल्या आम्हां पांढरपेशांनीही हा खर्च आपल्या अंगावर थोडा घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. कारण त्याच रस्त्यावरून आमची मुले दुचाकीवर महाविद्यालयात जातात.

परदेशी पाठविण्यास योग्य असा चालक शासनाला घडवावयाचा आहे. तो तसा घडला, तर त्याची पहिली गरज जर्मनीला नसून बीड बायपासला आहे, एवढेच आम्ही शासनाच्या नजरेस आणून देत आहोत.