परीक्षा संगणकावर, शाळेत संगणक कुठे?



२०१८ साली रेल्वेने गट 'ड'च्या सुमारे ६३ हजार जागांसाठी अर्ज मागविले. दीड कोटीहून जास्त तरुणांनी अर्ज केले. जागा ट्रॅकमन, हेल्पर, पॉइंट्समनच्या. पण अर्ज ऑनलाइन आणि परीक्षाही संगणकावर. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, तरी अर्ज इंटरनेटवरूनच भरावा लागतो. म्हणजे रुळावर घण मारण्याची नोकरी हवी असेल तरी आधी माऊस धरता आला पाहिजे. तो शिकवायचा कोणी? गँगमनच्या मुलाने सायबर कॅफेत पैसे मोजून?

सरकारी शाळांत संगणक नेण्याची भाषा नवी नाही. १९८४ साली 'क्लास' प्रकल्प निघाला, २००४ साली 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजना आली, २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानात आहे. चाळीस वर्षांनंतर, २०२४-२५ च्या केंद्राच्या यूडायस अहवालात देशातील ६३.५ टक्के शाळांतच इंटरनेट आहे. यात खाजगी शाळाही धरलेल्या आहेत, हे विसरू नये.

आणि आकडा भरला म्हणजे यंत्र चालते असे नाही. अनेक राज्यांनी हे काम 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' पद्धतीने कंपन्यांना दिले. कंपनीने यंत्रे बसविली, तुटपुंज्या मानधनावर कंत्राटी संगणक शिक्षक नेमले. कराराची मुदत संपली, शिक्षक घरी गेले आणि खोलीला कुलूप लागले. वीजबिल थकले की उरलेले कामही थांबते. कंत्राटीकरण म्हणजे काय, हे रेल्वे आणि टपालाच्या कामगारांना नव्याने सांगायला नको.

केरळने २००१ पासून वेगळी वाट धरली. नियमित शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले आणि परवाना शुल्क नसलेली मुक्त संगणक प्रणाली वापरली. तिथे हे जमते, तर इतरत्र का नाही?

एक कबुलीही द्यायला हवी. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला, त्या काळात कामगार चळवळीतील अनेकांचा संगणकाला विरोध होता. नोकऱ्या जाण्याची भीती खोटी नव्हती. पण यंत्र अडविण्यात आपण जेवढी ताकद लावली, तेवढी ते आपल्या मुलांच्या हाती यावे यासाठी लावली नाही.

आपल्याच रुळांच्या कडेने रेलटेलची ऑप्टिकल फायबर केबल गेली आहे. २०१६ साली मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर मोफत वायफाय सुरू झाले. तीच जोडणी स्टेशनालगतच्या सरकारी शाळांना नाममात्र दराने द्यावी, संगणक शिक्षकांची पदे नियमित करावीत आणि शाळेचे वीजबिल सरकारने भरावे, या आपल्या मागण्या आहेत.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यात आपले किती जण आहेत? प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीजवळच्या सरकारी शाळेत जाऊन किती यंत्रे चालू आहेत, जोडणी आहे का आणि शिकवते कोण, हे पाहावे व पुढच्या शाखा सभेपूर्वी लेखी कळवावे.