दवाखान्याचा नव्हे, मुलाच्या घराचा पत्ता

पाच वर्षांखालील किती मुलांना न्यूमोनिया झाला, याचे आकडे सरकारकडे दर महिन्याला जमा होतात. आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून राज्याला, असा त्यांचा मार्ग ठरलेला आहे. मूल राहते कुठे, ही माहिती मात्र पहिल्याच टप्प्यावर गळून पडते. केसपेपरवर पत्ता लिहिलेला असतो, पण वर जाणाऱ्या तक्त्यात उरते ती त्या दवाखान्याची बेरीज. अशा बेरजांवरून काढलेला नकाशा दवाखाने कुठे आहेत एवढेच सांगतो. परळ-शीवच्या मोठ्या रुग्णालयांत पालघर-रायगडची मुले येतात आणि आकडा मुंबईच्या खात्यावर पडतो. उलट ज्या पाड्यावरून दवाखाना गाठायला अर्धा दिवस जातो, तो पाडा कागदावर सर्वांत निरोगी दिसतो. मुलांच्या श्वसनविकारांची नोंद घराच्या पत्त्यानुसार, वस्ती आणि पाड्याच्या पातळीवर झाली पाहिजे, आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेने आपला पैसा आणि माणसे कुठे लावायची हे त्या नकाशावरून ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नोंदवहीतले बालपण आणि घरातले बालपण यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. 2001 सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालासाठी निरनिराळ्या संस्थांनी गावांत आणि वस्त्यांत घरोघरी बालमृत्यू मोजले, तेव्हा त्यांतला मोठा हिस्सा सरकारी नोंदींत आलाच नव्हता असे दिसले. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने उपायाची बाजूही दाखवून दिली होती. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 58 गावांतले आरोग्यदूत आणि दाया मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखत आणि गावातच औषध देत. वर्षभरानंतर या गावांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे 8.1 होते, तुलनेसाठी निवडलेल्या 44 गावांत ते 17.5 होते. वापरलेले औषध साधे आणि स्वस्त होते. फरक पडला तो आजारी मूल त्याच्या घरी, वेळेत सापडल्यामुळे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद समजायचा, ही खूण आज गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेला, आशाताईला, शिकवली जाते. तिच्या हातात नसते ती माहिती एवढीच, की गेल्या तीन पावसाळ्यांत तिच्या भागातल्या कोणत्या टोकाला अशी मुले वारंवार सापडली.

पत्ता महत्त्वाचा असण्याचे दुसरे कारण उपचाराइतकेच मोलाचे आहे. धाप सगळ्या मुलांना सारखीच लागते, तिची कारणे मात्र जागेगणिक बदलतात. मेळघाटात कुपोषण, बंद खोलीतली चूल आणि लांबचा दवाखाना एकत्र येतात. मुंबईच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनारच्या पट्ट्यात, कचराभूमीचा धूर आहे, दाटी आहे आणि लसीकरणातल्या फटीही आहेत. 2016 च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा धूर शहरभर पसरला आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. पण तिच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांचा धूर बातम्या थांबल्यावर थांबत नाही. त्याच पट्ट्यातल्या पुनर्वसन वसाहतींचा, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडचा, ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या तज्ज्ञांसह अभ्यास केला होता. 2018 मध्ये समोर आलेले त्याचे निष्कर्ष क्षयरोगाबद्दल होते. इमारतींमधले अंतर जेमतेम 3 मीटर, आणि ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचा धोका अधिक. केवळ ‘एम-पूर्वमध्ये क्षय जास्त’ एवढ्यावर थांबले असते, तर दोष गरिबीवर ढकलून सगळे मोकळे झाले असते. इमारत आणि मजला नोंदवल्यामुळे बांधकामाच्या नियमांना जाब विचारता आला. मुलांच्या दम्याचा आणि न्यूमोनियाचा असा हिशेब आपण का मांडत नाही?

‘कारणे तर ठाऊकच आहेत, मग नकाशे काढत बसण्यापेक्षा काम करा,’ असे अनुभवी डॉक्टरही म्हणतात. त्यांची अधीरता मला पटते, निष्कर्ष पटत नाही. सगळी कारणे सगळीकडे एकदम दूर करण्याइतका पैसा कोणत्याही नगरपालिकेकडे नसतो. कुठे लस आधी, कुठे गॅस आधी, कुठे पोषण आधी, हे कुणीतरी ठरवतेच. आज ते पुष्कळदा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठरते. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया लहान मुलांचा जीव घेतो. महापालिकेने घरोघरी पाहणी केली, लस न मिळालेली मुले शोधली, जादा मात्रा दिल्या. हे काम यंत्रणेला जमते, याचा तो पुरावाच होता. ते मुले दगावल्यानंतर सुरू झाले, हे दुःख आहे. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर मोफत दिली जाते. ती कोणत्या गल्लीत पोहोचली नाही हे कळण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायची का?

आकडे छोटे असतात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाळीस मुलांच्या पाड्यात दोन मुले आजारी पडली तर प्रमाण एकदम 5 टक्के दिसते आणि पुढच्या महिन्यात शून्यावर येते. म्हणून एका महिन्याच्या रंगांवर भिस्त ठेवू नये, दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्यात आणि दर काढताना त्या पाड्यातली एकूण मुले मोजावीत. वस्तीवर शिक्का बसेल ही भीतीही खरी आहे. घराचा पत्ता आरोग्य खात्याच्या आतच राहावा आणि लोकांसमोर वस्तीच्या पातळीवरचाच नकाशा यावा; तो यावा मात्र नक्की, कारण ज्यांची मुले आजारी पडतात त्यांनाच तो वॉर्ड कार्यालयात किंवा ग्रामसभेत मांडायचा आहे. आणि आशाताईंवर आणखी एक वही लादून हे होणार नाही. मानधनासाठी त्यांना संप करावे लागतात, एकच माहिती त्या अनेक ठिकाणी भरतात. पत्ता केसपेपरवर आहेच. तो दवाखान्यातच संगणकात भरावा, खासगी बालरोगतज्ज्ञांनाही नोंदीत सामील करून घ्यावे, आणि जिथे मुले दवाखान्यापर्यंत येतच नाहीत तिथेच आशाताईला घरोघरी पाठवावे, त्या कामाच्या वेगळ्या मोबदल्यासह. एम-पूर्व विभाग आणि मेळघाटातले धारणी-चिखलदरा तालुके येत्या पावसाळ्यापूर्वी हे सुरू करू शकतात. दर तिमाहीला नकाशा आणि त्यावरून काय केले याची नोंद शेजारी शेजारी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.