विश्लेषण : प्रतिजैविकांऐवजी माशांची प्रतिकारशक्ती वाढवणे का गरजेचे?

शेततळी, धरणांतील पिंजरे आणि कोकणातील खाजणे अशा सर्वच ठिकाणी मत्स्यपालन वाढते आहे आणि त्यासोबत रोगही. मासे मरू लागले की धावपळीत प्रतिजैविके खाद्यात मिसळली जातात. आता बाजारात ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्याही आल्या आहेत. पण माशांची प्रतिकारशक्ती नेमकी कशाने वाढते आणि कोळंबीला हाच उपाय का चालत नाही, याविषयी…

प्रतिजैविकांचा मार्ग का फसतो?

आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. त्यामुळे खाद्यातून दिलेले औषध ज्याला हवे त्याच्या पोटात जातच नाही. ते खातात धडधाकट मासे, आणि उरलेले औषध पाण्यात व तळाच्या गाळात मिसळते. तिथले जिवाणू त्या औषधाला सरावतात. पुढच्या हंगामात तोच रोग आला, की तेच औषध निकामी ठरते. निर्यातीवरही टांगती तलवार असते. प्रतिजैविकांच्या अंशांमुळे युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय मत्स्यसंवर्धनातील मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. भारतातून जाणाऱ्या या मालात कोळंबीच प्रमुख आहे.

माशाला प्रतिकारशक्ती असते का?

असते, आणि ती दोन पातळ्यांवर काम करते. पहिली जन्मजात. अंगावरचा बुळबुळीत थर ही माशाची पहिली तटबंदी. जाळ्यात ओढताना किंवा हाताळताना तो खरवडला गेला, की जंतूंना वाट मिळते. दुसरी पातळी अनुभवातून येणारी. एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता माशांत असते. लस याच स्मृतीवर काम करते. मात्र मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी गार झाले, की ही यंत्रणा मंदावते. रोहू, मृगळ, मरळ यांच्या अंगावर व्रण पाडणारा ‘ईयूएस’ रोग आपल्याकडे हिवाळ्यात बळावतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नॉर्वेने काय साधले?

१९८७ मध्ये नॉर्वेत सामन माशांच्या संवर्धनात सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. तेव्हा उत्पादन होते सुमारे ५० हजार टन, म्हणजे टनभर माशांमागे साधारण किलोभर औषध. त्यानंतर आधी व्हिब्रिओसिस आणि पुढे फ्युरनक्युलोसिस या जिवाणूजन्य रोगांवर परिणामकारक लशी आल्या. समुद्रात सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाच्या पोटात इंजेक्शन देण्याची पद्धत रुळली. आज उत्पादन सुमारे १५ लाख टन आहे आणि प्रतिजैविकांचा वापर एक टनाहूनही कमी. अर्थात, श्रेय एकट्या लशीचे नाही. दोन पिढ्यांचे मासे एकत्र न ठेवणे आणि काढणीनंतर जागा काही काळ रिकामी ठेवणे, ही शिस्तही तितकीच महत्त्वाची ठरली. सामनला छळणाऱ्या समुद्री उवांवर मात्र अजून प्रभावी लस नाही.

भारतात लशी का रुळल्या नाहीत?

सामन महाग, म्हणून एकेका माशाला टोचणे परवडते. रोहू-कटल्याची लाखो बोटुकली टोचायची कुणी आणि कोणत्या खर्चात? त्यामुळे लसमिश्रित पाण्यात बोटुकली बुडवणे किंवा खाद्यातून लस देणे, हे पर्याय भारतासाठी मोलाचे आहेत. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ने वेगळी वाट धरली. तिची लस प्रजननक्षम माशांसाठी आहे, जेणेकरून आईचे संरक्षण मत्स्यजिऱ्यांपर्यंत पोहोचावे. चेन्नईच्या ‘सिबा’ने जिताड्याच्या पिल्लांना मारणाऱ्या विषाणूवर लस विकसित केली आहे. मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (सीआयएफई) आणि इंडियन इम्युनोलॉजिकल्स यांनी २०२२ मध्ये गोड्या पाण्यातील माशांच्या दोन जिवाणूजन्य रोगांवरील लशींसाठी हातमिळवणी केली. प्रयोगशाळेतली लस तळ्यापर्यंत पोहोचवणे, हा पुढचा आणि अधिक कठीण टप्पा आहे.

कोळंबीला लस का नाही?

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. तिचे संरक्षण बव्हंशी जन्मजात यंत्रणेवर चालते. म्हणून तिथे रोग शिरूच न देणे हाच उपाय. २००९ पासून आलेल्या व्हॅनामेई कोळंबीचे प्रजनक ठरावीक रोगांपासून मुक्त असल्याची खात्री करून आणले जातात. पण ‘रोगमुक्त’ म्हणजे ‘रोगप्रतिकारक’ नव्हे. निरोगी बीजही दूषित तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडू शकते.

मग ‘बूस्टर’चे काय?

यीस्टपासून मिळणारे बीटा-ग्लुकान, उपयुक्त जिवाणू आणि क जीवनसत्त्व यांना शास्त्रीय आधार आहे. बहुतेक मासे क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाहीत, ते खाद्यातूनच द्यावे लागते. लसूण, हळद यांचेही प्रयोगांतील निष्कर्ष आशादायक आहेत. पण ही द्रव्ये लशीसारखी विशिष्ट रोगाची स्मृती देत नाहीत. ग्लुकान सतत देत राहिल्यास परिणाम ओसरतो, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. दाट साठवणूक, पहाटे घटणारा प्राणवायू आणि साचलेला अमोनिया यांमुळे माशावर ताण येतो. त्यातून स्रवणारे कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीच खच्ची करते. अशा तळ्यात बाटली ओतणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

मत्स्यपालकाने काय करावे?

बीज खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे आणि काही दिवस वेगळे ठेवूनच तळ्यात सोडावे. साठवणूक मर्यादेत ठेवावी, पहाटे प्राणवायू तपासावा. एका तळ्यातले जाळे निर्जंतुक न करता दुसऱ्यात टाकू नये. पूरक खाद्य द्यायचेच तर थंडी किंवा वाहतुकीसारख्या ताणाच्या काळाआधी, ठरावीक दिवसांपुरते. मासे मरू लागल्यास आधी निदान, मग औषध. सरकारच्या बाजूने गरज आहे ती मत्स्यबीज केंद्रांवरच लसीकरणाची सोय करण्याची, कारण लाखो बोटुकली एकाच जागी सापडतात ती तिथेच. एकदा ती शेकडो तळ्यांत विखुरली, की लस देण्याची संधी हातची जाते.