गस्त कुणासाठी?

पोलीस पायी फिरू लागला की गुन्हे घटतात, असे अमेरिकेतील राज्यकर्ते निर्वाणीच्या सुरात सांगत आले आहेत. पुरावा मात्र इतका आज्ञाधारक नाही.

न्यू जर्सी राज्याने १९७३ साली पायी गस्तीसाठी शहरांना पैसा पुरवला. नेवार्क शहरात या योजनेची कसोटी लागली आणि पोलीस फाउंडेशनने १९८१ मध्ये निष्कर्ष जाहीर केला : गुन्हे घटले नाहीत; रहिवाशांची भीती तेवढी कमी झाली. एवढ्याशा भांडवलावर जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धांत उभा केला. किरकोळ बेशिस्त मोडून काढा, मोठे गुन्हे आपोआप थांबतील!

खिडकी दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकाने का टाळला, कारखाने बंद पडल्यावर तेथील कामगारांनी काय खावे, हे प्रश्न या विचारसरणीने अडगळीत टाकले. शासन मालकाला झाले नाही. ते झाले नाक्यावरच्या तरुणाला. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा माणसे अडवली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक झाली, ना समन्स निघाले. २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर अडवणूक झपाट्याने कमी झाली. भाकीत केलेला गुन्ह्यांचा पूर मात्र आला नाही.

म्हणून गस्त निरुपयोगीच, असा निष्कर्ष काढणे सत्याला सोडून होईल. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात गुन्हेग्रस्त अशा ६० जागी पायी गस्त ठेवली, तेव्हा गस्त नसलेल्या तशाच जागांच्या तुलनेत हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. पण गस्त उठली आणि तो लाभही ओसरला. त्याच शहरात ओसाड भूखंड साफ करून तेथे हिरवळ लावली गेली. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत त्यामुळे बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ च्या अभ्यासाने दाखवले. त्यासाठी कुणाच्या खिशात हात घालावा लागला नाही.

सुरक्षितता ही गरिबांचीही गरज आहे. किंबहुना गुन्ह्याची पहिली झळ त्यांनाच लागते. त्यामुळे समाजवाद्यांचा लढा गस्तीच्या विरोधात असू शकत नाही. तो आहे गस्त कुठे, कशी आणि कुणाला उत्तरदायी, हे ठरवण्याच्या अधिकारासाठी. तो अधिकार वस्तीच्या हाती नसेल, तर पोलीस पायी आला काय नि मोटारीतून आला काय, कष्टकऱ्याच्या लेखी तो पाहुणा नव्हे, पहारेकरीच!