औषधांच्या कपाटात तापमापक

घरातील औषधाची एखादी बाटली हातात घ्या. मुदतीची तारीख आपण सारेच शोधतो. शेजारची ओळ कोणी वाचत नाही. पुष्कळ औषधांवर '३०° सेल्सिअसखाली ठेवा' अशी सूचना असते, तीही बारीक टाइपात आणि बहुधा इंग्रजीत. ही एक ओळ मराठीत ठळक छापली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण मुदतीची तारीख त्याच अटीवर दिलेली असते. अट मोडली की तारखेचा भरवसा उरत नाही.

आता सोलापूरचा मे महिना आठवा. सावलीतला पारा ४० अंशांपलीकडे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता बाहेर टाकीत असतो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम तुम्हांला ठाऊक असेल. आणि आपण गोळ्यांचा डबा ठेवतो कोठे? फ्रिजच्या डोक्यावर, नाही तर शेगडीजवळच्या फळीवर! जुन्या माळवदी घरातला जाड भिंतीतील कोनाडा याहून खचित बरा.

सारे फ्रिजमध्ये कोंबणे हाही उपाय नव्हे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. पण ते गोठले तर टाकूनच द्यावे लागते. गोळ्यांना ओल बाधते.

शाळेतून अल्कोहोलचा तापमापक मागून घ्या. शिक्षकांनीही तो खुशाल द्यावा. आठ दिवस दुपारी तीनला व रात्री नऊला घरातील तीन-चार जागांचे तापमान टिपा. सर्वांत थंड व कोरडी जागा सापडली की डबा तेथे हलवा. धाकट्या भावंडांचा हात मात्र तेथे पोचता कामा नये.