नव्याचा दहावा दिवस

नव्याचे नऊ दिवस, असे आपण म्हणतो. दहाव्या दिवसाबद्दल म्हण काही बोलत नाही. पण कुणाच्याही घरात शिडी लावून माळ्यावर चढावे, म्हणजे दहाव्या दिवसाची सगळी कागदपत्रे सापडतात. थोरलीसाठी आणलेली पेटी असते, तिच्या भात्यात झुरळांनी संसार थाटलेला असतो. मुंजीत मामाने दिलेल्या तबलाजोडीतला डग्गा असतो, तबला कुठे गेला ते कुणालाच आठवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात बुलबुलतरंग असते. अलीकडे, म्हणजे गेल्या वीसएक वर्षांत, या मंडळीत गिटारीची भर पडली आहे. फरक एवढाच, की गिटार माळ्यावर जात नाही. ती दिसायला देखणी असल्यामुळे तिला बैठकीच्या खोलीतला खिळा मिळतो, आणि आलेल्या पाहुण्याला “आमचा मुलगा वाजवतो हो” एवढे सांगण्याची सोय होते.

माझ्या थोरल्या भावाच्या बुलढाण्याच्या घरी अशीच एक गिटार चार वर्षे खिळ्यावर होती. पुतण्याने ती अकोल्याहून आणली. बुलढाण्याला रेल्वे नाही, तेव्हा खामगावहून एस. टी. च्या गाडीत ती मांडीवर घेऊन, बोथ्याच्या जंगलातून, घाट चढून स्वारी आली. नऊ दिवस घर दणाणले. मग बारावीचे वर्ष आले, मग कॉलेज, मग पुण्याची नोकरी. गिटार तिथेच राहिली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात दादा गेले. घरात वहिनी एकट्या उरल्या. या संक्रांतीनंतर एके दिवशी त्यांनी गिटार खाली काढली, ती धूळ पुसायला. फडके तारेला लागून आवाज झाला, आणि त्या दिवशी ती परत खिळ्यावर गेली नाही. वहिनींचे वय त्रेसष्ट.

“भाऊजी, ह्यावर एक गाणं बसवायचं म्हटलं तर किती दिवस लागतील हो?” त्यांनी मला विचारले.

“कोणतं?”

“तुम्हाला ठाऊक आहे कोणतं ते.”

मला ठाऊक होते. दादांना सबंध आयुष्यात एकच गाणे येत होते, आणि तेही गळ्यावर नव्हे, शिळेवर. ‘शीळ’ हेच त्या गाण्याचे नाव. ते लिहिले आमच्याच जिल्ह्यातल्या ना. घ. देशपांडे यांनी. हे कवी मेहकरला वकिली करत. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला, पण ही कविता त्याच्या कितीतरी आधी घरोघर पोचली होती, कारण १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ती ध्वनिमुद्रिकेवर गाइली. मराठी भावगीताची गोष्ट सांगू लागले की पहिल्या काही पानांतच या तबकडीचे नाव येते. दादांचे बालपण मेहकरचे. सकाळी दाढी करताना, सायकल पुसताना, पुढे स्कूटरला किक मारताना ती चाल त्यांच्या ओठांवर असे. पन्नास वर्षे घरात वाजलेली ती शीळ एकदम थांबली, आणि वहिनींना ती कशावर तरी परत वाजायला हवी होती. पेटीवर बोटे ठेवली की सूर लागतो, गिटारीचे तसे नाही. पण घरात होती ती गिटार.

शेजारणीने कुंपणापलीकडून विचारलेच, “काय वो काकू, ह्या वयात काय टुणटुण करून राह्यल्या? अन् तेही साहेबाचं वाद्य!” साहेबाच्या वाद्याचा मुद्दा मला नवा नव्हता. आपण जिला अगदी देवघरातली समजतो ती पेटीही साहेबाचीच. परकी आणि आपल्या सुरांना न पेलणारी म्हणून आकाशवाणीने तिला १९४० साली दाराबाहेर काढले, ती १९७१ पर्यंत. तोवर इकडे भजनी मंडळांनी तिच्यावाचून एक एकादशी काढली नाही. वाद्य कुणाचे हे शेवटी वाजवणारा ठरवतो.

पहिला महिना मात्र वाईट गेला, आणि त्यात वहिनींचा काही दोष नव्हता. चार वर्षे टांगलेल्या गिटारीच्या तारा गंजल्या होत्या, आणि पडद्यांपासून इतक्या वर उचललेल्या होत्या की खाली अंगठी सरकावी. अशा तारेवर पैलवानानेही बोट दाबले तरी सूर निघायचा नाही. माझे असे मत होत चालले आहे की, वाद्य सोडून देणाऱ्या शंभरांपैकी निम्म्यांना आळशी म्हणण्यापूर्वी त्यांचे वाद्य तपासावे. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत दोन-तीन मिलिमीटरच्या वर अंतर असेल, तर नवशिक्याने आधी कारागिराकडे जावे. खामगावच्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याने घोडीवरची पांढरी पट्टी घासून कमी केली, नव्या तारा चढवल्या, आणि दहा मिनिटांत वहिनींचे निम्मे वैराग्य गेले.

उरलेले निम्मे बोटांत होते. लोखंडी तार बोटाच्या शेंड्याला कापते, हे कुणी आधी सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांत तिथे घट्टा पडतो आणि दुखणे थांबते, पण ते दोन-तीन आठवडे निघायला हवेत. वहिनी रात्री भांडी घासून झाल्यावर सरावाला बसत. एक दिवस त्यांच्याच लक्षात आले की पाण्यात भिजून मऊ पडलेल्या बोटांना तार जास्त लागते. तेव्हापासून आधी गिटार आणि मग भांडी असा क्रम झाला. एका बैठकीला पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. सलग तासभर बसण्यापेक्षा हे बरे, बोटांनाही आणि मनालाही. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घोडीजवळ तारांखाली हातरुमालाची घडी सरकवली की आवाज खाली बसतो, ही युक्ती पुतण्याने पुण्याहून फोनवर सांगितली. तारा लावण्यासाठी मोबाइलवर एक काटाही त्यानेच बसवून दिला. तार छेडावी, काटा मधोमध येईस्तोवर खुंटी पिळावी. पूर्वी हे काम कान करत असे, आणि पुढे तोच करील, पण आरंभी काटा असावा. बेसूर वाद्यावर केलेला सराव म्हणजे विरजण न लावता रात्रभर झाकून ठेवलेले दूध.

मग शिकवणीचा प्रश्न आला. गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा मुलांना गिटार शिकवतो. तो आनंदाने आला, आणि त्याने जगभर जसे शिकवतात तसे शिकवायला घेतले. तीन बोटे तीन तारांवर एकदम दाबायची आणि सहाही तारा झंकारायच्या, याला कॉर्ड म्हणतात. असे चार-पाच कॉर्ड बसले की शेकडो गाण्यांची साथ करता येते. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. पण वहिनी तीन आठवड्यांनी त्याला म्हणाल्या, “बाळ, मला साथ नाही करायची. गाणं वाजवायचंय.”

मला वाटते, आपल्याकडच्या पुष्कळ गिटारी खिळ्यावर जातात त्याचे एक कारण इथे आहे. आपण ज्या संगीतात वाढलो, त्यात सूर एकामागून एक येतात. आईची ओवी, आरती, सिनेमातले गाणे, सगळे एका रेषेत चालते. गिटारीची पाठ्यपुस्तके जिथून आली तिथे सूर एकावर एक रचतात. दोन्ही थोर आहेत. पण ज्याच्या मनात चाल घोळते आहे, त्याला चार महिने नुसत्या भिंती बांधायला लावले तर तो घरात राहायला येणार कधी? मुलगा समजूतदार निघाला. त्याने सगळ्यांत खालची, बारीक तार घेतली आणि वहिनींना शाळेतले सा रे ग म त्या एका तारेवर दाखवले. मोकळी तार षड्ज धरावी. मग दुसऱ्या पडद्यावर रिषभ, चौथ्यावर गांधार, पाचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, नवव्यावर धैवत, अकराव्यावर निषाद, आणि बाराव्यावर वरचा सा. हा बारावा पडदा तारेच्या अगदी मध्यावर येतो, कारण तार अर्धी केली की सूर दुप्पट उंच होतो. ज्यांच्या घरी खिळ्यावर गिटार आहे त्यांनी फराळ झाल्यावर हे करून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे. बोट पडद्यावर नाही, पडद्याच्या जरासे अलीकडे दाबावे, म्हणजे तार खणखणत नाही.

चैत्रात वहिनींना गाण्याची पहिली ओळ सापडली. आणि इथेच खरे संकट सुरू झाले.

सूर बरोबर होते, पण गाणे नव्हते. जिथे चाल वळण घेऊन उतरते तिथे गिटार पायऱ्या उतरल्यासारखी टक टक करी. मींड नावाची जी गोष्ट आपण ऐकताना गृहीत धरतो, ती पडद्यांच्या वाद्यावर हाताने मिळवावी लागते. श्रावणातल्या एका संध्याकाळी त्यांनी गिटार पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “भाऊजी, पोराला म्हणावं घेऊन जा. पन्नास वर्षं ऐकलं ते हे नव्हे. मला येणार नाही.”

नवशिक्या म्हाताऱ्यांचे हे दुःख मला मुलांच्या दुःखाहून वेगळे वाटते. आठ वर्षांच्या पोराचा हात आणि कान दोन्ही आठ वर्षांचे असतात. ते एकमेकांना सांभाळून घेतात, आणि पोर बेसूर वाजवूनही खुशीत असते. वहिनींचा हात सहा महिन्यांचा होता आणि कान त्रेसष्ट वर्षांचा. त्या कानाला सगळे कळत होते. हात वाईट होता म्हणून नव्हे, कान चांगला होता म्हणून त्यांना रडू येत होते. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पिशवीची साखळी लावून टाकली.

त्यांना उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी वेगळ्याच. पुतण्याने पहिल्यापासून एक अट घातली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आई जे काय वाजवील ते मोबाइलवर मुद्रित करून त्याला पाठवायचे, कसेही असो. त्याने त्या आठवड्यात मार्च महिन्याची मुद्रिका आईलाच परत पाठवली. वहिनींनी ती स्वयंपाकघरात उभ्याने ऐकली. तीत सूर शोधताना मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि त्या शिट्टीखेरीज एकही सूर स्वच्छ नाही. वहिनी हसल्या. रोजच्या रोज आरशात पाहणाऱ्याला आपण किती वाढलो ते दिसत नाही, त्याला जुना फोटोच लागतो.

दुसरी गोष्ट मी नेली होती. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची एक ध्वनिमुद्रिका आहे. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आणि त्यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. ते गिटार मांडीवर आडवी ठेवीत आणि डाव्या हाताने बोटाऐवजी पोलादी कांडी तारेवरून फिरवीत, त्यामुळे पडद्यांची कटकटच उरत नसे आणि सूर पाण्यासारखा वाहे. वहिनींना मी हे ऐकवले ते काब्रांसाठी. पण ही ध्वनिमुद्रिका एच. एम. व्ही. साठी घडवून आणणारे अधिकारी कोण, तर जी. एन. जोशी. ‘शीळ’ गाणारे तेच. एवढे ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, “म्हणजे त्यांनासुद्धा गिटार चालली!” आणि पिशवीची साखळी उघडली.

कांडी त्यांनी घेतली नाही. पंधरा मिनिटांत जमेल एवढेच घेतले. सबंध ओळ सोडून दिली आणि फक्त त्या वळणाचे चार सूर धरले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सेकंदाला एक पडते. दोन टिकटिकींना एक सूर, या चालीने आठ दिवस. मग एका टिकटिकीला एक. एका पडद्यावरून पुढच्यावर जाताना बोट न उचलता घासत नेले की अर्धी मींड मिळते. उरलेली अर्धी, तार दाबून बाजूला ओढली की, सतारीत निघते तशी. ती ओढताना तार जिंकते, अजूनही बहुतेक वेळा जिंकतेच. मधल्या काळात मोबाइलवर ‘सात दिवसांत गिटार’ असले धडे पाहण्याचा मोह त्यांना होई. त्यावर त्यांनीच नियम केला, की वाजवून झाल्यावर हवे तेवढे पाहावे. पाहण्यात दीड तास सहज जातो आणि शिकल्याचे समाधान फुकट मिळते, हा त्या धड्यांचा मोठा गुण आहे. पितृपंधरवडा, पाहुणे, लेकीकडचे बारसे यांत मिळून तीन आठवडे गिटारीला हात लागला नाही. परत बसल्या तेव्हा घट्टे मऊ झाले होते, पण चार सूर जागच्या जागी होते.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. त्यातले वीसएक सेकंद आता वहिनींना येतात. नऊ महिन्यांत वीस सेकंद. हिशेब मी केला, त्यांनी नाही. शेजारीण परवा भाजणीचे पीठ द्यायला आली ती दारातच थांबली आणि म्हणाली, “काकू, हे तर भाऊसाहेबांचं गाणं व्हय.” वहिनींनी तिला बसायला पाट दिला, गिटार मात्र लगेच बाजूला ठेवली. माणसांसमोर वाजवायचे नाही, असे त्यांचे सध्या चालले आहे.

पुतण्या धनत्रयोदशीला येतो आहे. काय आणू म्हणून त्याने फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. साडी नको, मिठाई नको. “तारा आण,” वहिनी म्हणाल्या. “आत्ताच्या बाराच्या आहेत म्हणे, ओढताना हात भरून येतो. दहाच्या आण. आणि दोन जोड आण, पहिली तार तुटते.”